हिंसक मोबाईल गेम आणि कॅथोलिक विवेक: खान्देशातल्या घरांमधून आलेले प्रश्न

भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधली, जळगाव-धुळ्यातली आणि नंदुरबारकडच्या शहादा, तळोदा, धडगाव भागातली कॅथोलिक कुटुंबं नाशिक धर्मप्रांतात मोडतात. संख्येनं आपण थोडे आहोत आणि एकमेकांपासून लांब राहतो, पण धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न सगळीकडून सारखेच येतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी पोरांना बाहेर सोडता येत नाही. मग घराघरांतून एकच आवाज ऐकू येतो: 'नॉक झाला रे! फिनिश कर, फिनिश कर!' आईला वाटतं, हे पाप आहे का? बापाला वाटतं, खेळ तर आहे. पोरगा म्हणतो, सगळेच खेळतात. कन्फर्मेशनच्या वर्गाला शिकवताना मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत, ख्रिस्तसभेच्या शिकवणीला धरून. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

गेममध्ये माणूस मारला तर पाचवी आज्ञा मोडली का?

नाही. हे आधी स्पष्ट सांगते, कारण काही मुलं खरोखर घाबरलेली असतात. 'खून करू नको' ही आज्ञा जिवंत माणसाच्या प्राणाचं रक्षण करते. पडद्यावर कोसळतो तो माणूस नाही. त्याला आई नाही, जीव नाही आणि देवानं त्याला आपल्या प्रतिरूपात घडवलेलं नाही. पुढच्या मॅचला तो पुन्हा विमानातून उडी मारणार आहे. बुद्धिबळात वजीर मारणाऱ्याला कोणी खुनी म्हणत नाही.

पण 'कॅथोलिक धर्मशिक्षण' हा ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ (परिच्छेद १७५० पासून पुढे) कोणतंही कृत्य तपासताना तीन गोष्टी पाहायला सांगतं: प्रत्यक्ष काय केलं, कोणत्या हेतूनं केलं आणि कोणत्या परिस्थितीत केलं. कृत्य चांगलं ठरायला तिन्ही चांगल्या असाव्या लागतात. एक जरी बिघडली तरी ते बिघडतं. मित्रांबरोबर अर्धा तास खेळणं, हे कृत्य म्हणून वाईट नाही. तोच अर्धा तास आजारी आजी पाणी मागते आहे आणि तू 'थांब ना, मॅच चालू आहे' म्हणतोस, तर परिस्थितीनं त्याचा रंग बदलला. वर्गातल्या ज्या मुलावर राग आहे त्याचं नाव शत्रूला देऊन तू त्याला पुन्हा पुन्हा मारतोस आणि तुला बरं वाटतं, तर हेतूनं बदलला.

हे शेवटचं उदाहरण हसण्यावारी नेऊ नका. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू खुनाच्या आज्ञेपाशी थांबत नाही, तो आपल्या भावावर रागावण्यापर्यंत आणि त्याला मूर्ख म्हणण्यापर्यंत जातो.

जीव कोणाचा जात नाही, मग प्रश्न मिटला की!

इथे तो सुरू होतो. कोणाला इजा झाली का, एवढंच कॅथोलिक नीतिशास्त्र विचारत नाही. हे करताना तू कसा माणूस होत चालला आहेस आणि तुझं मन कशात आनंद मानायला शिकतं आहे, हेही ते विचारतं.

संत ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात अलिपियस या जिवलग मित्राची गोष्ट सांगितली आहे. अलिपियस कायदा शिकायला रोमला गेला. ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढत आखाड्यात नेलं. तो म्हणाला, माझं शरीर तुम्ही इथे बसवाल, पण डोळे आणि मन नाही बसवू शकणार. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. एक लढवय्या पडला, हजारो लोकांनी एकदम आरोळी ठोकली, आणि काय झालं ते पाहायला अलिपियसनं डोळे उघडले. रक्त पाहिलं आणि नजर वळवण्याऐवजी तिथेच खिळवली. ऑगस्टीन म्हणतो, पडलेल्या लढवय्यापेक्षा मोठी जखम त्या क्षणी अलिपियसच्या आत्म्याला झाली. पुढे तो स्वतःहून तिथे जाऊ लागला, दुसऱ्यांना ओढून नेऊ लागला.

अलिपियसनं कोणाला हात लावला नव्हता. बाकावर बसून फक्त पाहिलं होतं. अर्थात रोमच्या आखाड्यात खरी माणसं मरत होती आणि गेममध्ये मरत नाहीत. हा फरक मोठा आहे, तो पुसून टाकणं चूक ठरेल. तरी पाहणाऱ्याच्या आत जे घडतं त्याचा ऑगस्टीननं केलेला तपास आजही लागू पडतो. दुसरं असं की अलिपियस प्रेक्षक होता. गेममध्ये बोट आपलं असतं, निवड आपली असते.

म्हणून मी मुलांना एकच विचारते: तुला मजा नक्की कशाची येते? नेम साधल्याची, डाव आखल्याची, चौघांनी मिळून शेवटपर्यंत टिकल्याची मजा असेल तर ती खेळाचीच मजा आहे, क्रिकेटमध्येही तीच असते. समोरचा तडफडतो आहे, गयावया करतो आहे, त्याचे तुकडे होताहेत, याचीच गोडी लागली असेल तर तिथे थांबायला हवं. वाईट कृत्य न करताही त्याच्या कल्पनेत जाणूनबुजून रमणं आणि त्याचा आस्वाद घेणं, याला संत थॉमस अक्वायनसच्या काळापासून ख्रिस्तसभा पापच मानत आली आहे. मुलांना हा फरक कळतो. आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर कळतो.

पोप महोदयांनी व्हिडिओ गेमबद्दल काही सांगितलं आहे का?

हो. २००७ सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनाचा विषय मुलं आणि माध्यमं हा होता. त्या संदेशात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ॲनिमेशनपट आणि व्हिडिओ गेम यांचा नाव घेऊन उल्लेख केला. करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणारी, समाजविरोधी वागणं रंगवणारी किंवा लैंगिकतेला क्षुल्लक करणारी निर्मिती ही विकृती आहे, आणि ती मुलांसाठी व किशोरांसाठी केली जाते तेव्हा ती अधिकच किळसवाणी ठरते, असा त्याचा आशय आहे. शब्द कडक आहेत आणि ते प्रामुख्यानं बनवणाऱ्यांना उद्देशून आहेत.

त्यांनी 'हिंसेचा गौरव' म्हटलं आहे. ज्यात बंदूक दिसते ते सगळं वाईट, असं म्हटलेलं नाही. अमुक गेम चालेल, अमुक चालणार नाही, अशी यादी ख्रिस्तसभेनं काढलेली नाही. निर्णय पालकांच्या आणि खेळणाऱ्याच्या सुजाण विवेकावर सोडला आहे. हे यादीपेक्षा अवघड काम आहे.

बायबलमध्येही लढाया आहेत. दावीदनं गल्याथचं मुंडकं उडवलं. ते वर्गात शिकवता, मग गेमलाच का अडवता?

हा प्रश्न दहावीतली मुलं हमखास विचारतात, आणि त्यांनी विचारावाच.

वाईट दाखवणं आणि वाईटाची स्तुती करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्ये संपर्क माध्यमांवर काढलेल्या आदेशात म्हटलं आहे की नैतिक वाईटाचं चित्रण माणसाला स्वतःची खोल ओळख करून देऊ शकतं आणि सत्य व चांगुलपणा उजळून दाखवू शकतं. मात्र त्याला संयम हवा, नाहीतर ते इजा करतं. बायबल दावीदचा पराक्रम सांगतं, तसंच त्यानं उरियाला लढाईत पुढे करून मारवलं तेही सांगतं, आणि नाथान संदेष्ट्याला त्याच्यासमोर उभं करतं. रक्त आहे, पण त्याचा हिशोबही मागितला जातो.

गेममध्येही हे घडू शकतं. पोलंडमधल्या एका स्टुडिओनं २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माईन' नावाचा गेम काढला. सारायेव्होच्या वेढ्यावरून त्याची कल्पना सुचली. त्यात तुम्ही सैनिक नसता, वेढलेल्या शहरातली उपाशी, आजारी, सामान्य माणसं असता. एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून औषध चोरलं तर तुमची माणसं जगतात, पण ती खचून जातात. पोलंडमध्ये हा गेम शाळेच्या शिफारस केलेल्या साहित्यात घेतला गेला. तो मोठ्या मुलांसाठीच आहे, पण युद्धाची किंमत त्यात हाताला जाणवते.

दुसऱ्या टोकाला 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतला २००९ चा एक प्रसंग आहे. त्यात खेळाडू विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळीबरोबर चालतो. कंपनीनं तो प्रसंग वगळून पुढे जायची सोय ठेवली होती. बनवणाऱ्यांनाच जिथे अशी सोय द्यावीशी वाटली, तिथे कॅथोलिक तरुणानं ती वापरावी, असं माझं मत आहे.

मग एखादा गेम चालेल की नाही, हे ठरवायचं कसं?

संत थॉमस अक्वायनसनं तेराव्या शतकात खेळाबद्दल लिहिलं आहे, आणि ते आजही उपयोगी पडतं. त्यानं आधी खेळाची बाजू घेतली. संत योहान शिष्यांबरोबर खेळताना दिसला म्हणून लोक नाराज झाले, ही जुनी कथा तो सांगतो. योहाननं एका तिरंदाजाला विचारलं, तुझं धनुष्य सतत ताणून ठेवलंस तर काय होईल? तो म्हणाला, तुटेल. मनाचंही तसंच आहे, असं योहाननं त्यांना सांगितलं. शरीराला जशी झोप, तसा मनाला खेळ लागतो. इतकंच नव्हे, जो स्वतः कधी खेळत-हसत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदातही विरजण घालतो, त्याच्यातही दोष आहे असं थॉमस म्हणतो. आपल्याकडच्या काही कडक वडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग तो तीन पथ्यं सांगतो. अश्लील किंवा दुसऱ्याला इजा करणाऱ्या कृत्यांत आणि शब्दांत आनंद शोधू नये. मनाचा तोल पूर्ण सुटू देऊ नये. खेळ त्या माणसाला, त्या वेळेला आणि त्या जागेला शोभणारा असावा.

पहिलं पथ्य लावून पाहा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' मध्ये एका ठिकाणी छळ करण्याचं काम खेळाडूच्याच हातानं करून घेतलं जातं, स्त्रियांचं चित्रण विकृत आहे, आणि रस्त्यावरच्या निरपराध माणसाला गाडीखाली घेणं ही गंमत आहे. युरोपात त्यावर १८ वर्षांचा शिक्का आहे. तो शिक्का कॅथोलिकांनी मारलेला नाही, उद्योगानं स्वतःच मारला आहे. जळगावच्या सायबर कॅफेत तेरा वर्षांची मुलं तो खेळतात आणि घरी 'गाडीचा गेम आहे' म्हणून सांगतात. माझ्या मते तो मुलांच्या हातात अजिबात नसावा, आणि मोठ्यांनीही आपण हे का खेळतो ते स्वतःला विचारावं.

तिसऱ्या पथ्यात वय आलं. सोळाव्या वर्षी जे पेलतं ते नवव्या वर्षी पेलत नाही.

राक्षस आणि सैतान मारायचे गेम चालतात का?

'डूम' सारख्या गेममध्ये सैतान शत्रू असतो आणि त्याला हरवायचं असतं. त्याची पूजा नसते. भीती वाटत नसेल, झोप मोडत नसेल आणि रक्तपात वयाला झेपणारा असेल तर सैतान दिसला एवढ्यावरून गेम वर्ज्य ठरत नाही. खरोखरचे मंत्रतंत्र करायला लावणारा, भविष्य विचारायला लावणारा किंवा पवित्र संस्काराची टिंगल करणारा गेम मात्र बंद करा.

हिंसक गेम खेळून मुलं खरंच हिंसक होतात का?

वर्तमानपत्रं वाचून वाटतं तितकं हे सरळ नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २०२० साली आपली भूमिका स्पष्ट केली: प्रत्यक्ष हिंसेचं खापर व्हिडिओ गेमवर फोडायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, मात्र ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्याशी लहानसा पण पुन्हा पुन्हा दिसणारा संबंध आढळतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटिश किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आक्रमकतेशी संबंध दिसला नाही. म्हणून 'पबजी खेळतो म्हणजे उद्या कोणाचा तरी जीव घेईल' असं पोराला म्हणू नका. ते खरं नाही, आणि त्याला ते माहीत असतं. मग तुमचं पुढचं खरं बोलणंही तो ऐकत नाही.

नीतीचा प्रश्न या आकडेवारीवर उभा नाही. एखादा माणूस आयुष्यभर कोणाला चापट मारणार नाही, तरी त्याच्या मनात क्रौर्याची चव असू शकते. देव मनही पाहतो.

फ्री फायर, बीजीएमआय यांचं काय? सरकारनं बंदी घातली होती ना?

पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. बीजीएमआय हा त्याचाच भारतासाठी काढलेला अवतार २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तेव्हा फ्री फायर मॅक्स यादीत नव्हता. या बंद्या देशाच्या सुरक्षेच्या आणि माहितीच्या कारणांनी होत्या. गेम पाप आहे की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही. तरी न्याय्य कायदा पाळणं हे चौथ्या आज्ञेत येतं, म्हणून बंदी असलेला गेम आडमार्गानं उतरवून घेऊ नये.

या गेमांमध्ये रक्तपात तुलनेनं कमी आणि डावपेच जास्त असतात. समजूतदार मुलानं ठरलेल्या वेळेत, ओळखीच्या मित्रांबरोबर खेळावं, याला माझी हरकत नाही. माझी खरी काळजी पुढच्या प्रश्नात आहे.

माईक चालू ठेवून शिव्या देतात. सगळेच देतात. त्यालाही पाप म्हणायचं का?

हो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित पाप हेच आहे.

आई-बाप पडद्यावरची बंदूक पाहून घाबरतात आणि पोराच्या तोंडातलं ऐकत नाहीत. बंदूक खोटी आहे. माईकच्या पलीकडचा मुलगा खरा आहे. त्याला कान आहेत, घर आहे, आणि त्याच्या आईवरून दिलेली शिवी त्याच्या खऱ्या आईला लागते. पडद्यावर शंभर जण मेले तरी पाचव्या आज्ञेला धक्का लागत नाही. पण हेडफोन लावून तू एका जिवंत मुलाला रोज तुच्छ करतोस, तेव्हा मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगितलेलं तेच तू करत असतोस.

आपल्या भागात याची एक वाईट तऱ्हा आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडचा भिल्ल किंवा पावरा मुलगा बोलला की त्याचा उच्चार ऐकून टोळीतले हसतात, त्याला नावं ठेवतात, जातीवरून बोलतात. अहिराणी बोलणाऱ्याला पुण्या-मुंबईचे गावठी म्हणतात आणि तोच अहिराणी बोलणारा आपल्याहून दुबळ्याला आणखी खालचं काही म्हणतो. मुलीचा आवाज आला तर जे ऐकवलं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपल्या धर्मग्रामांतली कितीतरी घरं आदिवासी आहेत. रविवारी त्याच्याशेजारी बसून शांतिवंदन करायचं आणि संध्याकाळी माईकवर त्याची चेष्टा करायची, हे एकत्र चालणार नाही. मी हे वर्गात आवाज चढवून सांगते, इथेही तसंच वाचावं.

उपाय साधा आहे. माईक फक्त स्वतःच्या टोळीपुरता ठेवा. शिव्या देणाऱ्याला म्यूट करा. कोणाला घेरून छळत असतील तर त्याच्या बाजूनं एक वाक्य बोला. ज्याला दुखवलंत त्याची माफी मागा, त्याच माईकवर, सगळ्यांसमोर.

दिवसाला किती वेळ खेळलं तर चालेल?

ख्रिस्तसभा तास ठरवून देत नाही. संत कार्लो अकुतिस यांचं उदाहरण मुलांना आवडतं. १९९१ साली जन्मलेला, जीन्स आणि बूट घालणारा, संगणकात हुशार मुलगा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. त्याला प्लेस्टेशन आवडायचं, आणि आठवड्यातून एकच तास खेळायचं असं त्यानं स्वतःवर बंधन घातलं होतं, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. प्रत्येकानं एकच तास खेळावा असा याचा अर्थ नाही. बंधन त्यानं स्वतः घातलं होतं, ते महत्त्वाचं.

संत पौल म्हणतो, सगळ्या गोष्टींची मला मोकळीक आहे, पण मी कशाच्याही अधीन होणार नाही. झोप, अभ्यास, रविवारची मिस्सा आणि घरच्यांबरोबरचं जेवण यांतलं काही गेमसाठी मोडत असेल तर वेळ जास्त झाला. फोन खाली ठेवल्यावर चिडचिड होत असेल तर नक्कीच झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार धरला आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टर त्याला विकार म्हणतात. अशा मुलाला प्रवचन देऊन भागत नाही. सवयीनं जखडलेल्या माणसाची जबाबदारी कमी होते, हे धर्मशिक्षणही मानतं (१७३५). त्याला उपचार हवेत.

मी चाळिशीचा आहे. नाईट ड्युटीवरून आलो की तासभर गेम खेळतो. मलाही हे लागू आहे का?

तासभर खेळून मन हलकं होत असेल तर आनंदानं खेळा. गेम फार हिंसक असेल तर मुलं जागी असताना मोठ्या पडद्यावर लावू नका. दुसऱ्याला पापाचं निमित्त होणं हे धर्मशिक्षणानं गंभीर मानलं आहे (२२८४ पासून), आणि बाप जे पाहतो ते घरात चांगलंच ठरतं.

पोरानं माझ्या फोनवरून गेममधले डायमंड खऱ्या पैशांनी विकत घेतले. ही चोरी का?

न विचारता घेतले असतील तर हो, सातवी आज्ञा. केळीच्या बागेत मजुरी करून आणलेले पैसे असतील तर त्याला ती मजुरी दाखवा, एक दिवस बरोबर न्या. आणि पैसे हळूहळू परत फेडायला लावा. चोरलेलं परत करणं हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे.

नशिबावर पेटी उघडायला लावणारे गेम जुगाराच्या जवळ जातात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपल्याकडे पत्ते खेळतात. पैज लावणं हे मुळात अन्याय नाही, असं धर्मशिक्षण म्हणतं (२४१३), पण घरच्यांच्या गरजेचे पैसे त्यात गेले की ते अनैतिक होतं, आणि त्याची ओढ माणसाला गुलाम करते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली आहे.

'पोऱ्या आयकतच नही.' फोन हिसकावून घेऊ का?

लहान मुलाच्या हातून फोन घेणं हा तुमचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. घराचं शिक्षण आधी आई-बापाचं, शाळेचं आणि चर्चचं नंतर. पण मॅचच्या मध्यात, मित्रांसमोर, शिवी देऊन हिसकावू नका. कलस्सैकरांस पत्रात संत पौल बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका, ती खिन्न होतील.

आधी त्याच्याशेजारी बसा. एक अख्खी मॅच पाहा. तुझा टोळीप्रमुख कोण, हा नकाशा कसा वाचायचा, विचारा. त्याला आश्चर्य वाटेल, मग तो बोलू लागेल, आणि तो कोणाशी बोलतो, काय ऐकतो हे तुम्हाला कळेल. मग दोघांनी मिळून वेळ ठरवा. रात्री सगळ्यांचे फोन, तुमचाही, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. वडील स्वतः रील पाहत झोपत असतील तर हा नियम टिकत नाही. आणि ऊन उतरल्यावर खेळायला जागा द्या. चर्चचं आवार संध्याकाळी उघडं ठेवायला फादरना सांगा. संत जॉन बॉस्कोनं ट्युरिनच्या रस्त्यावरची मुलं मैदानावर खेळवूनच जोडली होती.

फोन घेतल्यावर मूल जीव देण्याची भाषा करत असेल तर ती नाटकं समजू नका. त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

शेजारची मुलं खेळतात, त्यांचे आई-बाप काही म्हणत नाहीत. आपल्याच पोराला का अडवायचं?

कारण ते पोर तुमचं आहे. शेजाऱ्यांना नावं ठेवू नका. खून वाईट, क्रौर्यात रमणं वाईट, हे कळायला ख्रिस्ती असावं लागत नाही. त्यांच्या घरातही हीच काळजी असते, विचारून पाहा. दोन-तीन घरांनी मिळून वेळ ठरवली तर 'सगळेच खेळतात' हे वाक्य आपोआप बंद पडतं.

पापनिवेदनात हे कसं सांगायचं? फादरना गेम कळत नाहीत.

गेमचं नाव, नकाशा, बंदुकीचा प्रकार काही सांगायची गरज नाही. जे खरं पाप आहे ते सांग. 'मी खेळताना मुलांना आईवरून शिव्या दिल्या, जवळजवळ रोज.' 'गेमसाठी रविवारची मिस्सा तीनदा चुकवली.' 'आईच्या खात्यातून पैसे घेतले.' 'दुसऱ्याला छळताना पाहण्यात मला जाणूनबुजून मजा वाटली.' एवढं पुरे. शत्रूला गोळ्या घातल्या, हे पाप म्हणून सांगू नकोस, ते पाप नाही.

गंभीर पाप व्हायला तीन गोष्टी लागतात: गोष्ट गंभीर असावी, ती गंभीर आहे हे माहीत असावं आणि मनानं पूर्ण संमती दिलेली असावी. यातलं काय होतं याबद्दल गोंधळ असेल तर तेही तसंच सांग, फादर विचारून घेतील. तू सांगितलेलं ते कोणालाही सांगू शकत नाहीत, तुझ्या आई-वडिलांनाही नाही. आपल्याकडच्या दूरच्या गावांत फादर महिन्यातून एक-दोनदाच येतात, तेव्हा मिस्सेच्या अर्धा तास आधी जा. त्या वेळी रांग नसते.